टेकडीवरचं घड्याळ

तिने भिंग कागदावरून उचलले, डोळे चोळले आणि पुन्हा त्याच रेघेवर टेकवले. पहिली लहर दोन पूर्णांक चार सेकंद उशिरा. दुसरी लहर? तीही दोन पूर्णांक चारच. सकाळपासून तिने वाचलेला हा सातवा भूकंप. सातही वेळा टेकडीवरच्या भूकंपमापन केंद्राच्या कागदांनी तेच सांगितले होते.

ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत येऊन बसली. पुन्हा उठली.

"ताई, झालं का?" धाकट्या साहेबांनी दारातून विचारले. संशोधन विभागात ते सगळ्यांत लहान, म्हणून सगळे त्यांना धाकटे साहेबच म्हणत. "शुक्रवारी लेख पाठवायचाय."

"थोडं राहिलंय, सर."

भूकंपाच्या लहरी जमिनीच्या पोटातून येतात, आधी वेगवान पहिली, मागून संथ दुसरी. खालचा खडक थंड नि कडक असला तर लवकर पोचतात, ऊन नि मऊ असला तर रेंगाळतात. एकवीस वर्षे ती त्यांच्या पोचण्याच्या वेळा वाचत आली होती. टेकडीवरच्या केंद्रात दोन वर्षांपासून पहिली लहर उशिरा येत होती. त्यावरून धाकट्या साहेबांनी नकाशावर टेकडीखाली, शंभरेक किलोमीटर खोल, पृथ्वीच्या कवचाखालच्या प्रावरणात ऊन खडकाचा एक लाल डाग रंगवला होता. आजवर ते फक्त पहिल्या लहरींवर काम करत होते. कालच म्हणाले होते, "आता दुसऱ्याही वाचा. मऊ खडक दुसऱ्या लहरीला जास्त अडवतो. बघा, उशीर दुपटीवर जाईल."

दुपटीवर गेला नव्हता. दोन्ही लहरींना अगदी सारखा उशीर करणारा खडक नसतो. असते ते घड्याळ. पुढे गेलेले, वेळेवर आलेली लहरही उशिरा दाखवणारे.

तिने टेकडीवरून येणारे महिन्याचे तक्ते काढले. रेडिओवर दर तासाला वेळेचे ठोके लागतात. रोज सकाळी सातला केंद्रावरच्या माणसाने शेवटच्या ठोक्याला बटण दाबायचे, कागदावर खूण उमटते आणि घड्याळाची चूक कळते. दोन वर्षांच्या तक्त्यांत, ओळीने, चूक शून्य. एकाही दिवशी दशांशभरही फरक नाही. इतके दिवस ती शून्ये पाहून तिला अभिमानच वाटत आला होता.

कारण टेकडीवर मामा होते. वडील गेल्यावर तिला शिकवले मामांनी, या नोकरीचा अर्ज भरून घेतला तोही मामांनीच. मामी गेल्यापासून ते केंद्राच्या दोन खोल्यांत एकटेच राहत. निवृत्तीला नऊ महिने उरले होते.

जेवणाचा डबा तसाच राहिला. तिने फोन लावला. मामा नेहमीसारखे "लाइन खराब आहे गं" म्हणाले आणि ठेवून दिला. तिने पुन्हा लावला. पुन्हा तेच. दुसऱ्या दिवसाची रजा टाकून ती सकाळच्या पहिल्या बसने निघाली. बसमध्ये तिने तीनदा जागा बदलली.

केंद्राचे दार उघडे होते. मामा पाठमोरे बसून दिव्याची काच पुसत होते.

"मामा."

ते पुसतच राहिले. ती दोन पावले आत आली. "मामा, मी आलेय." शेवटी तिची सावली टेबलावर पडली तेव्हा ते वळले आणि छान हसले.

"अगं, न कळवता? चहा टाकतो."

ती त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली, ओठ नीट दिसतील अशी. "ऐकू कधीपासून येत नाही?"

त्यांनी काच ठेवली, मग उगाच पुन्हा उचलली. "येतं की. जाड आवाज येतात. ट्रक येतो ऐकू."

"आणि ठोके?"

त्यांनी काच दिव्यावर बसवली.

"ठोके बारीक असतात," मामा म्हणाले. "आधी वाटलं रेडिओ बिघडला. नवा आणला. मग कळलं. आता या घड्याळाच्याच काट्याकडे बघून बटण दाबतो. वाटलं, घड्याळ चांगलंय, जाऊन जाऊन किती पुढे जाणार?"

"दोन पूर्णांक चार सेकंद."

हा आकडा त्यांना एकदाच सांगावा लागला. ते खुर्चीत मागे टेकले. सेकंदाच्या दहाव्या भागासाठी पूर्वी शिपायावर ओरडणारा हा माणूस होता.

"तिकडे कुणाचं काही अडलंय का?"

"एका साहेबांनी त्यावरून खाली ऊन खडक दाखवलाय. उद्या लेख जाणार आहे. मामा, मी म्हणेन घड्याळ बिघडलं होतं. तुमचं नाव कशाला..."

"घड्याळ बिघडलेलं नाही," मामा म्हणाले. "थोडं पुढे जातं. सगळीच जातात. ते मोजायला मला ठेवलंय." ते उठले. "दहाला ठोके लागतील. चल."

तिने बटणाकडे हात नेला तर त्यांनी तो बाजूला केला. "खाली सही माझी असते. तू खांद्यावर थाप मार, मी दाबतो."

ठोके लागले. शेवटच्या ठोक्याला तिने थाप मारली, त्यांनी बटण दाबले. अकराला पुन्हा. बाराला पुन्हा. मधल्या वेळात ती खोलीत येरझारा घालत होती आणि ते म्हणत होते, "बस गं, जमीन हलते." तिन्ही खुणा त्यांनी पट्टीने मोजल्या. "तुझ्या हाताला नि माझ्या हाताला लागलेला वेळ हिशेबात धरायला हवा," म्हणाले, आणि तेवढा धरला. मग वहीत लिहिले: घड्याळ दोन पूर्णांक चार सेकंद पुढे. शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: मागील दोन वर्षांच्या नोंदी मी ठोके न ऐकता केल्या. विश्वास ठेवू नये. खाली सही, पूर्ण.

शुक्रवारी सकाळी धाकट्या साहेबांनी ते पान वाचले. चेहरा उतरला.

"दोन वर्षं, ताई."

"हो, सर."

"कोण आहेत हे?"

"माझे मामा."

लेख गेला नाही. सोमवारी साहेबांनी टेकडीचे त्याआधीचे दहा वर्षांचे कागद मागवले आणि तिला पुन्हा वाचायला बसवले. टेकडीखाली लाल काही उरले नाही. उत्तरेच्या दोन केंद्रांखाली मात्र खरोखर मऊ खडक निघाला, आणि तो ओळखता आला तो टेकडीच्या त्या जुन्या वेळा तुलनेला होत्या म्हणून. "दहा वर्षांत एक सकाळ चुकलेली नाही या माणसाची," साहेब एकदा नुसतेच म्हणाले.

मामांना वेळेआधी घरी बसवले. चौकशी झाली, कडक पत्र आले, दोन खोल्या गेल्या. ती तिच्याकडे चला म्हणाली, पण ते आले नाहीत. बाजाराच्या मागे त्यांनी एक खोली घेतली. कानाला यंत्र लावले. ते शिट्टी वाजवते म्हणून अर्धा दिवस खिशात असे.

पुढच्या वर्षी लेख छापून आला. ती अंक घेऊन गेली. मामांनी चष्मा लावला आणि शेवटच्या पानावरचा केंद्रांचा तक्ता शोधला. टेकडीच्या ओळीवर त्यांचे बोट थांबले. पुढे बारीक अक्षरात छापले होते: शेवटची दोन वर्षे वगळली.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

बोट ओळीवरून तसेच पुढे सरकले. मग त्यांनी खिशातून पेन काढले, एक आकडा खोडला आणि शेजारी सुबक अक्षरात दुसरा लिहिला.

"उंची चार मीटरने कमी छापलीय," मामा म्हणाले. "हे कुणाला कळवायचं?"