रेवड्यांच्या कुस्तीचा फोटो

कल्याणात प्रभाकरपंतांचा फोटो स्टुडिओ होता आणि तिथं पंतांचंच राज्य होतं. समोर मामलेदार बसलेला असो नाहीतर नवरा-नवरी, काळ्या फडक्याखालून आरोळी यायची, "हलू नका!" आणि बसलेला माणूस श्वास घ्यायचाही विसरायचा. कॅमेरा लाकडी, तीन पायांचा, वयानं पंतांच्या बरोबरीचा. त्याच्यासमोर कुणी मान वळवली की फोटोत दोन नाकं यायची.

असलं धूड घेऊन पंत कुस्त्यांच्या मैदानात कशाला कडमडतील? पण त्रेपन्न सालच्या चैत्रात शहाडची रंगूबाई दारात येऊन उभी राहिली. तिचा नवरा दौलत एके काळचा नावाजलेला पैलवान. गिरणीत कमरेवर कापसाची गासडी पडली आणि वर्षभर तो अंथरुणाला खिळला होता. आता त्याचा नऊ वर्षांचा भिवा गावच्या जत्रेत पहिल्यांदाच मातीत उतरणार होता.

"पोराची कुस्ती माझ्या डोळ्यांनी बघायचीय म्हणत्यात," रंगूबाई म्हणाली. "आता त्यांना उचलून कसं नेऊ? तुम्हीच काय ते दाखवा, दादा."

पंतांना नाही म्हणवेना.

जत्रेत आधी पोरांच्या कुस्त्या, त्याही रेवड्यांवर. जिंकेल त्याला ओंजळभर रेवड्या. नदीकाठच्या मैदानात पंतांनी अगदी आखाड्याला खेटून कॅमेरा उभा केला.

"पंत, लंगोट आणलाय ना?" कुणीतरी ओरडलं आणि लोक खो खो हसले. पंतांनी लक्ष दिलं नाही. फोटो उतरतो त्या काचा दोनच आणल्या होत्या, त्यातली एक गर्दीच्या रेट्यात फुटली होती. आता फोटो निघायचा तो एकच.

भिवाची जोड आंबिवलीच्या पंढरीशी लागली. हात मिळाले, माती उडाली आणि बघता बघता भिवानं मागून जाऊन पंढरीच्या कमरेला मिठी घातली. बापाचंच रक्त हो! आता उचलून आपटायचा तेवढा बाकी होता. नेमका त्याच क्षणी त्याचा चेहरा कॅमेऱ्यासमोर आला. पंत आपण कुठं उभे आहोत ते पार विसरले आणि तीस वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली.

"हलू नकोस!"

आणि भिवा हलला नाही! दोन्ही हात पंढरीच्या कमरेला तसेच, नजर थेट भिंगात. पंतांनी फोटो टिपला. एवढ्यात पंढरी मिठीतून सुटला, गर्रकन वळला आणि पाय घालून त्यानं भिवाला चीत केलं. हलगी कडाडली. रेवड्या पंढरीच्या ओंजळीत पडल्या.

पंत धावत पंचांकडे गेले. "चूक माझी आहे हो, कुस्ती पुन्हा लावा."

"पंत, इथं सगळेच ओरडतात," पंच म्हणाले. "पाठ लागली, संपलं." भिवा अंगावरची माती झटकून निमूट निघून गेला.

फोटो मात्र असा उतरला होता की बघत राहावं. पंतांना क्षणभर आनंद झाला आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. तिसऱ्या दिवशी ते फोटो घेऊन शहाडला गेले.

"हातातली कुस्ती घालवली कार्ट्यानं," दौलत अंथरुणातून म्हणाला. "कशापायी म्हणून इचारतोय, तर तीन दिस झालं गप्प."

"दौलतराव, त्याचा काही दोष नाही. मीच ओरडलो, हलू नकोस म्हणून."

दौलतनं फोटो हातात घेतला. पंढरीच्या कमरेला पोरानं घातलेली मिठी तो कितीतरी वेळ बघत राहिला. मग कोपऱ्यात बसलेल्या भिवाकडे वळून म्हणाला, "आरं येड्या, ह्यांनी वरडायचं आन् तू ऐकायचं? कुस्तीत कुणी कुणाचं ऐकतं व्हय?"

भिवानं मान वर केली नाही.

"हललो आसतो तर फोटो बिघडला आसता," तो म्हणाला. "मग आबा, तुमास्नी काय दिसलं आसतं?"

दौलतनं पोराला मनगटाला धरून जवळ ओढलं आणि एवढा मोठा पैलवान त्या एवढ्याशा खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडला.