किरणबाबांचा डावा हात

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरून माणसं भिंतीकडेला उभी होती, एकमेकांच्या खांद्यावरून डोकावत होती. व्यासपीठावर पांढऱ्या कपड्यांतले किरणबाबा डोळे मिटून उभे होते. समोर टेबलावर एक लाकडी पेटी, मागच्या पडद्यावर एक आकडा. बाबांनी डावा हात पेटीच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवला. बराच वेळ काही झालं नाही, मग आकडा चढू लागला. माझ्या शेजारी ताईने हात जोडले.

"ब्रह्मांडातले कण माणूस ओळखतात," बाबा म्हणाले. "हात ठेवला की धावत येतात. हे मी नाही म्हणत. विज्ञान म्हणतंय."

ती पेटी मी चांगली ओळखत होते. आकाशातून अखंड येणारे सूक्ष्म कण मोजण्यासाठी आमच्या संस्थेने ती शाळा-कॉलेजांकरता बनवली होती, आणि तिचं सॉफ्टवेअर माझं होतं. मिनिटाला किती कण येतात, तेवढंच पडद्यावरचा आकडा दाखवतो. काम तसं रुक्षच. मोजणारं प्रत्येक यंत्र थोडंफार चुकतं. ते कधी, किती चुकतं हे शोधायचं आणि तेवढी चूक आकड्यातून काढून टाकायची. मोठमोठ्या यंत्रांसाठी हेच करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. ताई शेजारणींना एवढंच सांगते, "आमची धाकटी कण मोजते."

ताईला लहानपणापासून फिट येते. गोळ्यांनी ती आटोक्यात होती. बाबांनी गोळ्यांना 'कणांच्या वाटेतला केर' म्हटलं आणि ताईने त्या परस्पर बंद केल्या. नंतर एका सकाळी ती ओट्याशी कोसळली. कपाळाला टाके पडले. मला ते भावोजींच्या फोनवरून कळलं. गोळ्या अशा अचानक सोडल्या तर जीवावर बेतू शकतं, हे डॉक्टरांनी तिला दोनदा समजावलं. मीही समजावलं. ताईने शांतपणे मला विचारलं, "यंत्र तुझंच ना? मग ते खोटं बोलतं का?"

तेच बघायला मी त्या सभेला गेले होते. आकडा खरंच चढला होता. मी डोळ्यांनी पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात मी तशीच एक पेटी टेबलावर घेतली आणि बाबांसारखाच कोपऱ्यावर हात ठेवला. आकडा चढला. माझ्यात कसलीही शक्ती नाही, याची मला पुरेपूर खात्री आहे. दुसऱ्या कोपऱ्यावर हात ठेवला, आकडा ढिम्म. मग डोक्यात प्रकाश पडला आणि हसावं की रडावं कळेना. त्या कोपऱ्याला लाकडावर जडवलेल्या पत्र्याखाली तापमापक होता.

पुढच्या सभेत बाबांनी आपणहूनच मला वर बोलावलं. धाकटी बहीण कोण ते ताईने मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. "या यंत्राच्या जन्मदात्या," बाबांनी ओळख करून दिली, आणि टाळ्या पडल्या. मला टाळ्यांचा कंटाळा आला होता. मी त्यांना उजवीकडच्या कोपऱ्यावर हात ठेवायची विनंती केली.

बाबांनी उजवा हात ठेवला. आकडा जागचा हलला नाही. शक्ती हृदयाच्या बाजूनेच वाहते, असं त्यांनी सांगितलं. मग उजव्या कोपऱ्यावर डावा हात ठेवा, म्हटलं. तोही ठेवला. आता म्हणे सभेत कुणीतरी शंकेखोर बसलंय, कण बिचकले. मागून कुणीतरी खुदकन हसलं.

मी पिशवीतून शेकायची रबरी पिशवी काढली, गरम पाण्याने भरलेली, आणि डाव्या कोपऱ्यावर ठेवली. आकडा चढत गेला. बाबांच्या हातानेही कधी एवढा चढला नव्हता.

मग मी माइक घेऊन सांगितलं. पेटी गरम झाली की तिच्यात उमटणारे संकेत दुबळे पडतात. म्हणून सॉफ्टवेअर तापमापक बघतं आणि तेवढे ते वाढवून घेतं. काटा कमी दाखवतो हे माहीत असलेला वाणी वजनात थोडी भर घालतो, तसं. बाबांचा हात फक्त तापमापकाला तापवतो. पेटी आतून थंडच राहते, पण सॉफ्टवेअरला वाटतं सगळं तापलंय. ते उगाच भर घालत जातं, आणि यंत्रातली जी बारीक खुसपूस एरवी मोजलीही जात नाही ती कण म्हणून मोजली जाते. आकाशातून एकही कण जास्तीचा येत नाही.

फार टाळ्या पडल्या नाहीत. थोडे लोक उठून गेले; बरेच तिथेच बसून राहिले, आणि बाबांनी त्यांना भजन म्हणायला लावलं. घरी परतल्यावर ताई दारातच म्हणाली, "चारचौघांत माझी शोभा केलीस."

आठवडाभर तिने फोन उचलला नाही. मग भावोजींचाच आला. ती स्वतः रिक्षा करून डॉक्टरांकडे गेली होती, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या. माझ्याशी बोलायला तिला अजून वेळ लागेल, असं ते म्हणाले. लागू दे.

बाबा आता दुसऱ्या गावात सभा घेतात असं ऐकते. पेटीही बहुधा तीच असेल. प्रत्येक सभागृहात शेकायची पिशवी घेऊन जाणं माझ्याच्याने होणार नाही. मी दमले आहे. म्हणून इथे लिहून ठेवते. आकडा चढला म्हणून माना डोलवू नका. दुसऱ्या कुणी हात ठेवला तर काय होतं, हात दुसरीकडे ठेवला तर काय होतं, एवढं विचारा. त्याला शास्त्रज्ञ असावं लागत नाही. उत्तर देण्याऐवजी कुणी तुमच्या श्रद्धेतच खोट काढली, तर घरी जा आणि आपली गोळी वेळेवर घ्या.