प्रेमलानं वाचलेला शेवट

मुरुम गावी महालिंगप्पांच्या आडतीत बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडायला बायका बसत. फोडता फोडता दाणे तोंडात जात. त्यावर महालिंगप्पांनी युक्ती काढली होती. शाळामास्तर विष्णुपंतांच्या मुलीला, प्रेमलाला बोलावून कादंबरी वाचायला बसवायचं. गोष्टीत जीव गुंतला की तोंड चालायचं थांबतं. आणि खरंच थांबायचं.

निजामाचं राज्य जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. कादंबरी मात्र कुठल्याशा जादूच्या मुलखातली. तिथं बंड पेटलेलं, राजाची मुलगी बंडखोराच्या प्रेमात पडलेली, आणि बंडखोराकडं पंखांचा घोडा.

"एवढ्या घोड्याला खायला काय घालत असतील गं?" म्हातारी नागूबाई विचारायची.

"शेंगा! म्हणून तर आपल्याला खाऊ देत न्हाय," कुणीतरी म्हणायचं, आणि सगळ्या खिदळायच्या.

नीलम्मा तेवढी हसायची नाही. ती महालिंगप्पांची विधवा सून. बियाणं उमरग्याला नेणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर रामकिसन तिच्याशी लग्न करायला तयार होता. पण तो लिंगायत नव्हता; त्या घरात त्याचं नाव काढायची सोय नव्हती. हे एकट्या प्रेमलाला ठाऊक होतं.

"बाजारादिवशी तो फाट्यावर थांबणार हाय," नीलम्मानं तिला सांगितलं होतं. "राजकन्या काय करती ते ऐकते, मग म्या ठरवते. छापलेलं काय उगं असतंय व्हय?"

प्रेमलानं शेवट आधीच वाचला होता. राजकन्या महालाची किल्ली बापाच्या पायाशी ठेवते आणि घोड्यावर बसते. ते पान कधी येतं असं प्रेमलाला झालं होतं.

बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी ते पान आलं, आणि नेमके महालिंगप्पा दारात येऊन उभे राहिले.

"वाचा, वाचा. आमच्या सुनेला लई गोडी लागलीय म्हणं. आमालाबी ऐकू द्या."

प्रेमलाचे डोळे ओळीवर होते, पण तोंडातून भलतंच येऊ लागलं. राजकन्या घोड्यावरून उतरली. बापाच्या पाया पडली. बंडखोर एकटाच उडून गेला.

"चांगलं पुस्तक हाय," महालिंगप्पा म्हणाले.

नीलम्मानं हातातली शेंग न फोडताच ढिगात टाकली.

दुसऱ्या दिवशी रामकिसनचा ट्रक फाट्यावर बराच वेळ थांबला आणि निघून गेला. त्यानंतर बियाणं न्यायला दुसराच ड्रायव्हर येऊ लागला.

महालिंगप्पा सोलापूरला गेल्याचं कळलं तशी प्रेमला पुस्तक घेऊन आडतीत आली. मान वर न करता तिनं शेवटचं पान पुन्हा वाचलं, या खेपेला होतं तसं.

बायकांचे हात थांबले.

"अगं, मग त्या दिवशी काय वाचलंस?" नागूबाईनं विचारलं.

प्रेमलानं ते पान नीलम्मासमोर धरलं.

नीलम्मानं पुस्तक ओढून घेतलं. अक्षरांवरून हळूहळू बोट फिरवलं.

"म्हंजे गेली व्हय ती?"

"गेली, नीलम्माक्का."

नीलम्मानं पुस्तक मिटून प्रेमलाच्या मांडीवर ठेवलं.

"उद्यापासनं हे आणू नको," ती म्हणाली. "पाटी आण. मला अक्षरं शिकव."

आणि ती शेंगा फोडू लागली. तिनं मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं, असं प्रेमलाला वाटलं.