बरोबर उत्तर येईपर्यंत

चाळीस वर्षं मी गणित शिकवलं आणि कुणाला अर्धा गुणसुद्धा फुकट दिला नाही. आता सत्तरीत सूनबाईकडून पायथन ही संगणकाची भाषा शिकतोय. "बाबा, नवशिक्यांना हीच भाषा सोपी," ती म्हणाली. एक ओळ आत सरकवायची राहिली की सगळं अडून बसतं. माझ्याच वळणाची भाषा, मला लगेच आवडली.

शिकण्याचं कारण बायको. हिला विसर पडायला लागलाय. डॉक्टर म्हणाले, डोक्याला काम द्या. मला वाटलं, रोज दहा प्रश्न सोडवून घेतले तर ही माझ्या हातून निसटणार नाही. महिनाभर खपलो. प्रश्न विचारणं, उत्तर तपासणं जमलं. मग सूनबाईने लूप शिकवला: अट पुरी होईपर्यंत तेच पुन्हा. अगदी माझ्या मनातलं! बरोबर उत्तर येईपर्यंत मशीन सोडणारच नाही.

दुपारी हिला संगणकासमोर बसवलं. वार, महिना, घराचा मजला, सगळं आलं. माझी छाती फुगली. मग चौथा प्रश्न आला: आपला मुलगा कुठे आहे?

हिने एका बोटाने लिहिलं: शाळेत.

चूक. पुन्हा सांगा.

"अहो, शाळेतच गेलाय ना?" हिने पुन्हा तेच लिहिलं. चूक. कामावर. चूक. "कुठे गेला हो? कुणी सांगत का नाही मला?"

चालू लूप मध्येच कसा थांबवायचा, ते मी शिकलोच नव्हतो. सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आली, दोन कळा दाबून तिने तो थांबवला. मग माझा प्रोग्राम उघडून वाचला. बरोबर उत्तर म्हणून मी लिहिलं होतं: वारला. तीन वर्षं झाली. तिचाच नवरा.

"बाबा, हे तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलंत?"

खरं ते खरं, असं म्हणणार होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. मी ती ओळ शोधली, अट खोडली. काहीही उत्तर आलं तरी 'बरोबर' म्हणायचं, असं लिहिलं. मला दिसत नव्हतं नीट, पण प्रोग्राम पहिल्या फटक्यात चालला.

हिने पुन्हा लिहिलं: शाळेत.

बरोबर.

ही हसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सुटते किती वाजता?"

सूनबाईने तोंड फिरवलं.

"पाचला," मी म्हणालो. "येईलच."