डालग्याखालचं पिल्लू

मित्रांनो, मी एक म्हातारी चिमणी आहे. हसू नका. आमच्यात तीन उन्हाळे काढले की म्हातारपण येतं, आणि माझे तिन्ही उन्हाळे दुष्काळाचे. तुम्ही मला चिऊताई म्हणता, दाणे टाकता, जीव लावता. तरीही आज मी तुमच्याशी जरा भांडणारच आहे.

माझा जन्म चकलांब्याजवळच्या एका गावात, दूध सोसायटीच्या खोलीत झाला. भिंत आणि पत्रा यांच्यामधल्या फटीत माझ्या आईचं घरटं होतं. पुढे तिथेच मी माझा संसार मांडला. गळ्याखाली काळा डाग असलेला माझा नवरा मोठा भांडखोर. तो काड्या, चिंध्या, सुतळीचे धागे आणायचा आणि मी ते नीट लावून घ्यायची. लोकांना वाटतं चिमणीला रान आवडतं. छे! आम्हाला माणूस लागतो. जिथे चूल पेटते, धान्य पाखडलं जातं, गोठ्यात जनावर असतं, तिथेच आमचं पोट भरतं. गाव ओस पडलं तर आम्हीही उठून जातो.

सोसायटीचे चिटणीस मन्मथप्पा. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि मुंगी पायाखाली आली तरी हळहळणारा जीव. त्यांनी दाराला ज्वारीची कणसं बांधली होती. गावात टँकरच्या पाण्यावर भांडणं व्हायची, तरी आप्पा आपल्या तांब्यातलं पाणी आमच्यासाठी खापरात ओतायचे. मी धुळीत लोळले की ते दूध घालायला आलेल्यांना बोलावून दाखवत, "बघा, चिमणी धुळीत न्हायली. आता पाऊस येतोच!" सगळे आशेने आभाळाकडे बघायचे. अहो, मी उवा झाडत होते! पावसाचं मला काय ठाऊक? पण सांगणार कशी?

त्या उन्हाळ्यात मी चार अंडी घातली. एक फुटलंच नाही. तीन पिल्लं निघाली, उघडीनागडी, नुसती चोच आ वासून. मित्रांनो, इथे तुमची एक मोठी चूक होते. आम्ही मोठ्या चिमण्या दाण्यावर निभावतो, पण कोवळ्या पिल्लाला दाणा पचत नाही. त्याला अळी लागते, किडा लागतो, मऊ आणि ओलसर. रानात हिरवं पान नाही, तर अळी कुठून आणायची? दाराला कणसं लटकत होती आणि घरट्यात माझी दोन पिल्लं भुकेनं गेली. भरल्या घरात उपाशी मरणं म्हणतात ते हेच.

उरलं एक. सोसायटीने माळावर जनावरांची चारा छावणी उघडली, तिथे शेणात थोडे किडे मिळू लागले. मी आणि माझा नवरा दिवसभर छावणी ते घरटं अशा खेपा घालायचो. पिल्लाच्या पंखांवर पिसांची बारीक टोकं दिसू लागली. मला वाटलं, हे एक तरी जगेल.

एके दुपारी पत्रा तव्यासारखा तापला. वाऱ्यासाठी पिल्लू फटीच्या तोंडाशी आलं आणि खाली पडलं. मी परतले तेव्हा मन्मथप्पा मांजराला हुसकावत होते. कोंबड्या झाकायचं डालगं त्यांनी शेजारून मागून आणलं, पिल्लावर पालथं घातलं आणि वर दगड ठेवला. आत ज्वारीचे दाणे टाकले, वाटीत पाणी ठेवलं. किती मायेनं केलं हो सगळं! बांबूच्या काड्यांमधून मला माझं पिल्लू दिसत होतं. ते चोच उघडत होतं आणि माझ्या चोचीत अळी होती. मी डालग्याभोवती घिरट्या घातल्या, काड्यांना चोची मारल्या. फटी इतक्या बारीक की माझं डोकंही आत जाईना. दुपार अशीच गेली. पिल्लाचा आवाज बारीक होत गेला.

संध्याकाळी मालनबाई दूध घालायला आल्या. बौद्धवाड्यातल्या, एका म्हशीच्या मालकीण, सोसायटीच्या सभासद.

"आप्पा, ह्ये काय झाकलं हो?"

"चिमनीचं पिल्लू हाय. वरून पडलं. मांजर टपलीय म्हनून झाकलं."

"मग उचलून वर ठिवा की."

"न्हाई बाई! मानूस शिवला की चिमन्या त्याला जातीत घेत न्हाईत. टोचून मारत्यात."

मालनबाईंनी चरवी खाली ठेवली. "ह्ये चिमन्यांनी सांगितलं का तुमाला?"

"लोक म्हनत्यात."

"लोक लई काय काय म्हनत्यात. माज्या सासूच्या हातचं दूध ह्या गावात कुनी घेत न्हवतं. आता समद्यांचं एकाच कॅनात वतता. नासलं का कंदी?"

आप्पा ओशाळले. "आवो, मी तुमच्याबद्दल न्हाई बोललो. चिमनीचं बोलतोय."

"मी बी चिमनीचंच बोलतीया. तिची तडफड बघा की." असं म्हणून त्यांनी दगड काढला, डालगं उचललं, पिल्लू ओंजळीत घेतलं आणि स्टुलावर चढून अलगद फटीत ठेवलं.

मी लगोलग आत शिरले. अळी त्याच्या चोचीशी नेली. चोच उघडली नाही. पुन्हा नेली. मान कलंडलेली होती. फार उशीर झाला होता. रात्रभर मी त्याला उबेला घेऊन बसले, पण पहाटे ते थंडगार होतं.

घरट्यात मेलेलं पिल्लू आम्ही ठेवत नाही. मुंग्या लागतात. उजाडल्यावर मी त्याला ओढत कडेला आणलं आणि खाली सोडलं. नेमक्या त्याच वेळी खाली मालनबाई चरवी घेऊन उभ्या होत्या.

"बघितलं? टाकलं तिनं," आप्पा हळू आवाजात म्हणाले. "तुमी चांगल्यासाठीच केलं हो मालनबाई. पर शिवायला नको व्हतं."

मालनबाईंनी एकदा आपल्या उजव्या हाताच्या तळव्याकडे पाहिलं, दूध कॅनमध्ये ओतलं आणि निघून गेल्या.

मी वरून ओरडत होते. नाही हो नाही! ते भुकेनं गेलं! तुमचा हात लागला म्हणून नाही, हात उशिरा लागला म्हणून गेलं! मन्मथप्पांनी वर बघितलं, त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी माझ्यासाठी मूठभर ज्वारी टाकली. आता सांगा, मी काय करायचं होतं? मालनबाईंच्या त्या हातावर जाऊन बसावं असं फार वाटलं. पण माणसाच्या हातावर बसायचं धाडस माझ्या जिवाला झालं नाही.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला सांगते. दाणे टाका, पाणी ठेवा, तुमचे उपकार आहेत. पण आमचं पुरती पिसं न फुटलेलं पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर त्याला झाकू नका आणि बघतही उभे राहू नका. उचला, घरट्यात ठेवा आणि बाजूला व्हा. ज्या हाताने ते वर आलं, तो हात कुणाचा, हे आम्ही चिमण्या विचारत नाही.