उजव्या कुशीची चक्कर

जरीपटका वस्तीतल्या रुपरावांना पहिली चक्कर आली ती अंथरुणातच. सकाळी उजव्या कुशीवर वळले आणि पंखा, घड्याळ, खिडकी, सगळं गरगर फिरायला लागलं. त्यांनी गादी घट्ट धरली. जरा वेळानं खोली आपली आपण थांबली. पित्त झालं असेल म्हणून त्यांनी आवळा खाल्ला. पित्ताला उजवं-डावं कुठून कळणार, हा विचार काही त्यांच्या डोक्यात आला नाही.

डाव्या कुशीवर मात्र सारं ठीक होतं. मग रुपराव डावीकडेच तोंड करून झोपू लागले. सांगायचं कुणाला? पोरगा सुशील पुण्यात. त्याला नुसता सुगावा लागला असता तरी त्यानं फोनवरूनच स्कूटर विकायला लावली असती. आणि स्कूटरशिवाय रुपराव म्हणजे मिठाशिवाय वरण. तेव्हा अळीमिळी गुपचिळी.

पण उजवीकडे प्रेमिलाबाई झोपत. लग्न झाल्यापासून दिवसभराच्या बातम्या तिथूनच प्रसारित होत आणि रुपराव त्यांच्याकडे वळून हुंकार भरत. आता बातम्या पाठीला सांगाव्या लागू लागल्या. पंधरवडाभर त्यांनी सोसलं. मग एका सकाळी चहाचा कप पुढे ठेवत विचारलं, "काहून तोंड फिरवून झोपता? माह्यं काही चुकलं काय?"

रुपराव गडबडले. खरं सांगवेना, खोटं सुचेना. म्हणाले, "काही नाही वं. तुह्याकडे वळलो का डोकं फिरते माह्यं."

घ्या! एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्यानं बायकोला असं ऐकवावं? प्रेमिलाबाईंनी चहाचा कप तसाच उचलून नेला. रामटेकच्या बहिणीला, वंदनाला, फोन लावला आणि म्हणाल्या, "येऊन राहिली मी." मग नवऱ्याला कोरडेपणानं सांगितलं, "माळ्यावरची बॅग काढून द्या."

आता सांगू, मग सांगू करत रुपराव बॅगेसाठी वर पाहायला गेले, आणि माळा, भिंत, प्रेमिलाबाई सगळं एकदम फिरलं. ते दार धरून मटकन खाली बसले.

"अहो!" प्रेमिलाबाईंनी धावत येऊन त्यांना सावरलं.

"मले गरगरून राहिलं," रुपराव म्हणाले. "रोज होते. तुह्या बाजूला वळलो का होते."

प्रेमिलाबाईंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी ऑटो बोलावला, तो रामटेकसाठी नव्हता.

कानाच्या डॉक्टरीणबाई, भैरवी, वयानं लहान पण बोलायला मोकळ्या. "काका, कानात आत बारीक खडे असतात. ते जागेवरून सरकले की उगाच जग फिरल्यासारखं वाटतं."

"मुतखड्यासारखे? कापता काय मग?"

"कापायचं काही नाही. डोकं वळवून वळवून खडे जागेवर नेते. काही दिवस उठताना आधी पलंगाच्या कडेला बसायचं, मग उभं राहायचं. एकदम वर-खाली पाहायचं नाही. चक्कर पूर्ण थांबेपर्यंत स्कूटर बंद. पुन्हा झालं तर लपवायचं नाही, इथं यायचं."

टेबलावर आडवं करून त्यांनी रुपरावांचं डोकं उजवीकडे वळवलं. खोली पुन्हा गरगर फिरायला लागली. "डोळे मिटू नका काका. एका जागी पाहत राहा."

प्रेमिलाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. त्या फिरल्या, फिरल्या, हळूहळू मंदावल्या आणि थांबल्या. त्यांचे डोळे रडून लाल झाले होते. आपण या बाईला पंधरा दिवस पाठ दाखवली, हे रुपरावांना तेव्हा कुठं कळलं, आणि फार वाईट वाटलं.

"भेव वाटे मले," ते म्हणाले. "तू म्हणशील, म्हातारा झाला."

"म्हातारे तर झालेच हो तुम्ही. मले वाटलं, मी नकोशी झाली."

"आता डावीकडे तोंड करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"थोडं इकडंच राहू द्या ना," रुपराव म्हणाले.

"नाही काका, वळावं लागेल."

त्यांनी मान वळवली. प्रेमिलाबाई टेबलाला वळसा घालून तिकडच्या बाजूला आल्या आणि समोर उभ्या राहिल्या.