मंजुळाने लावलेले दगड

“राहू दे तो दगड. हात नको लावूस त्याला,” मी ओरडलो. पण तोवर मंजुळाने दगडाखाली मी टेकू म्हणून ठोकलेली चीप पायाच्या अंगठ्याने सरकवलीसुद्धा होती.

दगड बोटभर कलला. इतका वेळ धबधब्याच्या वरच्या कुंडातून चादरीसारखं सरळ पडणारं पाणी एका कोपऱ्यात गोळा झालं आणि दोन धारांनी उतरू लागलं. एक धार खालच्या खडकावर आपटून फुटली, दुसरी त्याला वळसा घालून तळ्यात गेली. आवाजही बदलला. आधी कुणीतरी नळ सुरू ठेवून विसरल्यासारखा येत होता, आता तो ऐकत बसावासा वाटत होता.

बंगल्याच्या व्हरांड्यात उभ्या असलेल्या मालकीणबाई, चारुलता मॅडम, यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. “अरे वा मंजुळाबाई! ये हुई ना बात! आता वाटतंय नॅचरल. आनंदरावजी, तीन दिवसांपासून मी तुम्हाला हेच तर बोलत होते!”

मंजुळा माझी बायको. ती माझा डबा घेऊन आली होती. डबा द्यायचा आणि परत जायचं, एवढंच तिचं काम. मी हात धुतले, जेवायला बसलो आणि भाजीत मीठ जास्त झालंय असं तिला सांगितलं. मीठ बरोबर होतं.

माझं थोडं सांगायला हवं. मी एकोणीस वर्षं मिलच्या पंपहाउसमध्ये फिटर होतो. आमच्या कामात केसाएवढा फरक चालत नसे. पंप आणि मोटर एका रेषेत नसतील तर बेअरिंग जळतं, आणि बेअरिंग जळलं तर सगळं खातं बसून राहतं. माझ्या हातचं बेअरिंग एकोणीस वर्षांत एकदाच जळलं, तेही मी रजेवर असताना. मग मिल बंद पडली. बडा गणपतीच्या आमच्या गल्लीत तेव्हा कुणी रिक्षा घेतली, कुणी किराणा घातला. मी मल्हारगंजातल्या एका दुकानात पंप दुरुस्त करत बसलो. तिथे मला कळलं की विजय नगरकडे नवे बंगले उठतायत आणि त्यांच्या मालकांना मागच्या अंगणात तळं आणि तळ्यावर धबधबा हवाय. पंप आला म्हणजे मी आलोच.

तळं खणायचं, वाळू आणि जुनी पोती अंथरून वर जाड काळं प्लास्टिक टाकायचं, तळाशी पंप बसवायचा, मागच्या ढिगातून पाइप वर न्यायचा. यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. घोडं अडायचं ते दगडांपाशी. मी प्रत्येक दगड पाणसळ लावून बसवायचो. काचेतला बुडबुडा बरोबर मधे आला की माझं समाधान व्हायचं. माझा पहिला धबधबा बघून मालकांच्या आईने विचारलं होतं, “भैया, ऊपर मूर्ति कौन-सी बैठाओगे?”

तर अशा माझ्या कामात मंजुळाने अंगठा घातला. त्या दिवसापासून ती रोज येऊ लागली. मीच आणू लागलो, कारण मॅडमनी तसं सांगितलं होतं.

ती दगड उचलण्याआधी उघड्या प्लास्टिकवर बादलीभर पाणी ओतायची आणि कमरेवर हात ठेवून नुसती बघायची. परत भरायची, परत ओतायची. मी म्हणायचो, “टाइमपास नको करूस.” ती म्हणायची, “अहो, रुका ना जरा. त्याचं मन कोणत्या तरफ आहे ते बघते. मग पत्थर ठेवते.” पाण्याचं मन! माझा सासरा महूला छावणीत माळीकाम करत होता, पण त्याने मुलीला सातवीपर्यंत शिकवलं होतं, पाण्याची मनं वाचायला नव्हे. पण ती जो दगड जिथे ठेवायची, तो तिथेच जन्मला असावा असा दिसायचा. मला हे दिसत होतं, त्याचंच तर दुःख होतं. आंधळा असतो तर सुखी झालो असतो.

मी तिच्यापासून लपून शिकायचा प्रयत्नही केला. तिने लावलेल्या दगडांचे कोन मोजले, वहीत उतरवले आणि पुढच्या बंगल्यात अगदी तस्से दगड लावले. हसू नका. पडलेली भिंत कुणीतरी घाईने उचलून ठेवावी तसं ते दिसत होतं. तिने दुपारी येऊन तीन दगड फिरवले. त्या रात्री मी जेवलो नाही.

वर्षभरात बातमी पसरली. आमच्या समोरच्या एसटीडी-पीसीओवर फोन यायचे आणि दुकानदार गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडायचा, “झरनेवाली बाई का फोन है!” मिलमधला माझा दोस्त दिनानाथ एकदा चहाच्या ठेल्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, “काय भिया, ऐकलं की आजकाल भाभीजी मिस्तरी आणि तुम्ही हेल्पर?” सगळे हसले, मीही हसलो. चहा तसाच ठेवून घरी आलो, तर मंजुळा भाकरी थापत गुणगुणत होती. बायकोचं गुणगुणणं एखाद्याला टोचतं यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. मला टोचलं. नोकरी गेली तेव्हा मी रडलो नव्हतो, कारण मिलने माझी जागा घेतली तरी माझा हात घेतला नव्हता. आनंदराव मिस्तरी म्हटलं की लोक अजून मान डोलवत. आता तेवढंही घरातल्या घरात दुसऱ्याच्या नावावर चाललं होतं.

अशात प्रतापरावांचं काम निघालं. प्रतापराव म्हणजे चारुलता मॅडमचे मोठे भाऊ. बायपासकडे त्यांचं फार्महाउस होत होतं आणि त्यांना बारा फुटांचा धबधबा हवा होता. शिवाय पुढे त्यांच्या सगळ्या जागांवरची पंपाची आणि पाण्याची कामं. मॅडमनी शनिवारी फोनवर सांगितलं, “आनंदरावजी, संडेला दहा वाजता दादा आमचा झरना बघायला येतोय. त्याला आवडला तर समजा काम पक्कं. मंजुळाबाईंना नक्की आणा हं.”

मी मंजुळाला काहीच सांगितलं नाही.

रविवारी सकाळी सातलाच मी एकटा मॅडमच्या बंगल्यावर पोचलो. “तिला ताप आलाय,” म्हणालो. मग पंप बंद केला आणि मंजुळाचे दगड काढले. वरचे दगड आम्ही सुटेच ठेवायचो, फक्त त्यांच्या मागच्या ढिगातल्या फटी सिमेंटने बुजवलेल्या असायच्या, त्यामुळे ते निघायला काही अडचण नव्हती. सात दगड होते. सातही मी माझ्या हाताने, पाणसळ लावून, माझ्या मनासारखे बसवले. प्रतापराव बघतील ते काम माझं असलं पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मला वाटलं होतं, इतक्या दिवसांत थोडं तरी माझ्या हातात उतरलं असेल.

दहाला प्रतापराव आले. मी पंप सुरू केला. त्यांनी तळ्याला एक चक्कर मारली, मग बहिणीला म्हणाले, “चारू, छान आहे. पण हे तर स्विमिंग पूलचं वाटतंय. तू म्हणत होतीस, एकदम जंगलातल्यासारखं...”

“अरे दादा, काल तर असा नव्हता!” मॅडम गोंधळल्या. “आनंदरावजी, काय झालं याला?”

मी वाकून पंपाची वायर चाचपू लागलो. तेवढ्यात फाटकातून मॅडमची गाडी आत आली आणि मागच्या सीटवरून मंजुळा उतरली. मॅडम मनाने फार चांगल्या. नऊला ड्रायव्हर आल्याबरोबर त्यांनी मला न सांगता त्याला गोळ्या देऊन आमच्या घरी पाठवलं होतं. गोळ्या बघून मंजुळाने त्याला काय विचारायचं ते विचारलं असणार, आणि ती त्याच गाडीत बसून आली होती. तशा वेळीही माझ्या मनात आलं की मी लूनावर फिरतो आणि ही गाडीतून येते.

“अरे मंजुळाबाई, तुम्ही कशाला आलात? ताप कसा आहे?” मॅडमनी विचारलं.

मंजुळाने माझ्याकडे पाहिलं. मग धबधब्याकडे. तिथे समजायला काही कठीण नव्हतंच.

“उतरला,” ती म्हणाली. मग पदर खोचत म्हणाली, “पंप साफ करायला पत्थर काढावे लागतात मॅडमजी. आता पुन्हा लावायचे बाकी आहेत. यांना एकट्याला नाही उचलत, म्हणून हे माझ्यासाठी रुकले असतील.”

तिने मला पंप बंद करायला लावला, सगळे दगड काढले, बादली भरून वरून ओतली आणि पाणी जाताना पाहिलं. मग पहिला दगड उचलून तिने मान वर केली. “अहो, हा डावीकडं घेऊ का?”

तिने मला आजवर असं कधी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, “घे.”

“आणि हा थोडा झुकवू?”

“झुकव.”

“याच्या मागं छोटा एक देऊ? नाहीतर पाणी पिछेसे जाईल ना?”

“दे.”

सात दगड, सात प्रश्न. प्रत्येक वेळी ती माझ्या तोंडाकडे बघून थांबायची आणि मी हो म्हटल्याशिवाय हात चालवायची नाही. प्रतापराव हाताची घडी घालून बघत होते. शेवटी मी पंप सुरू केला, पाणी फुटलं, वळलं, दगडाआड गेलं आणि भलत्याच ठिकाणाहून बाहेर आलं. प्रतापरावांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. “मान गए मिस्तरी! स्वतः जागेवर उभे राहून काम करून घेता. बाईंना मस्त तयार केलंय तुम्ही.” आणि खिशातली डायरी काढून माझं पूर्ण नाव लिहून घेतलं.

घरी जाताना ती लूनावर मागे बसली होती. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाली, “ताप मला होता का तुम्हाला?” मी लूनाचा वेग वाढवला आणि तिनेही पुन्हा कधी विषय काढला नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मी तिला हार गेलो नसतो.

फार्महाउसचं काम तीन महिने चाललं. तिथे ती प्रत्येक दगडाला विचारायची, “हा इकडं घेऊ?” आजूबाजूला कुणी नसलं तरी विचारायची. एकदा मी हात जोडले, “नको ना विचारत जाऊस.” ती म्हणाली, “कुणी ना कुणी बघत असतं. आदत राहिलेली बरी.” आणि पुढचा दगड उचलून माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

काम पुरं झालं तेव्हा प्रतापरावांनी पाहुणे बोलावले. बारा फुटांवरून पाणी पडत होतं आणि ते माणसाने पाडलंय असं कुणालाही सांगून खरं वाटलं नसतं. प्रतापराव माझा हात धरून मला पुढे घेऊन गेले. “हे आपले आनंदरावजी. यांचंच काम.” लोक माझ्याकडे बघू लागले. एकजण फोटो काढायला सरसावला. मला काय झालं कुणास ठाऊक, मी मोठ्याने म्हणालो, “साहेब, एक सांगायचंय. दगड सगळे माझ्या बायकोने लावलेत. ती मला विचारते ते उगाच. मला त्यातलं काही कळत नाही. मी फक्त पंपवाला.”

प्रतापराव खळखळून हसले. “बघा, बघा! एवढं काम केलं आणि नाव बायकोचं पुढे करतात. आजकाल ऐसे लोग कहाँ मिलते हैं?” टाळ्या वाजल्या. एका बाईंनी तर आपल्या नवऱ्याला कोपराने ढोसलं. पुन्हा सांगावं म्हणून मी तोंड उघडलं होतं, पण फोटोवाल्याने हसायला सांगितलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मी हसलो.

फोटो झाल्यावर मी मागे वळून पाहिलं. मंजुळा धबधब्यामागे पंपाच्या खड्ड्याशी बसून सिमेंटची घमेली धूत होती. तिथे पाण्याचा आवाज खूप होता, त्यामुळे आमचं बोलणं आणि टाळ्या तिला ऐकू गेल्या नसतील, असं मी धरून चालतो. तिने हातातलं घमेलं पालथं घातलं आणि दुसरं घेतलं.